सगळे खाने हिरवे का येतात? समुद्रातल्या प्लॅटफॉर्मवर कामगारांच्या जोखमीचं मूल्यांकन

प्रश्न थोडक्यात असा: मुंबई हायच्या बाजूला एका तेल-वायूच्या प्रोसेस प्लॅटफॉर्मवर नव्याने रुजू झालेल्या सुरक्षा अधिकाऱ्याला कामगारांच्या जोखमीचं मूल्यांकन पुन्हा करायला सांगितलं आहे. हाताशी पाच बाय पाचचा रिस्क मॅट्रिक्स (शक्यता गुणिले परिणाम असा तक्ता, ज्यात हिरवा खाना म्हणजे कमी जोखीम) आहे, कामागणिक जोखीम मांडणाऱ्या दीडेकशे जुन्या शीट आहेत आणि कन्सल्टंटचा जाडजूड क्यूआरए (जोखीम आकड्यांत मोजणारा) अहवाल आहे. शीट भरल्या की शेवटच्या रकान्यात जवळजवळ सगळं हिरवं येतं. हे खरं मानायचं का? नसेल, तर सुरुवात कुठून करायची?

खरं मानू नका. गुणाकार बरोबरच असतील, गोंधळ त्याच्या आधी होतो. सहसा तीन ठिकाणी.

पहिली जागा म्हणजे कामाचे तुकडे. ‘स्लिंग लावणे’, ‘लोड उचलणे’, ‘लोड डेकवर ठेवणे’ अशा तीन ओळी केल्या की प्रत्येक ओळ किरकोळ दिसते. लोडखाली सापडणाऱ्या माणसाला मात्र तिन्ही ओळी एकत्रच भेटतात. दुसरी जागा ‘सध्याचे उपाय’ हा रकाना. गॅस डिटेक्टर, फायर पंप, प्रशिक्षित कामगार, पीपीई (हेल्मेट, हातमोजे अशी संरक्षक साधनं) असं लिहायचं आणि ते सगळं चालतंय असं धरून शक्यता दोन पायऱ्या खाली आणायची. पीपीईने शक्यता कमी होत नाही, झालाच तर परिणाम थोडा सौम्य होतो, तोही नेहमी नाही. दोन किलोचा पाना वीस मीटरवरून सुटला तर खाली पोचताना त्यात जवळपास ४०० जूल ऊर्जा असते. युरोपीय ईएन ३९७ मानकात हेल्मेटची चाचणी पाच किलोचं वजन एक मीटरवरून टाकून करतात, म्हणजे ४९ जूल. हेल्मेट घातलं म्हणून तो खाना हिरवा करणाऱ्याने हा भागाकार एकदा करून पाहावा.

तिसरी जागा सगळ्यात महागात पडणारी: हाताचं बोट चेंगरणं आणि प्लॅटफॉर्मचं अख्खं मॉड्यूल उडणं एकाच पट्टीने मोजणं. पाच बाय पाचची पट्टी रोजच्या दुखापतींसाठी बरी आहे. तीस-चाळीस वर्षांतून एकदा होणाऱ्या, पण झाली तर शंभर माणसं घेऊन जाणाऱ्या घटनेला त्या पट्टीवर नीट जागाच नाही. ‘अत्यंत दुर्मीळ’ म्हणून तिला तळाच्या ओळीत टाकतात आणि ती पिवळी होऊन बसते. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझनवर स्फोट होऊन ११ जण गेले. कंपनीचे वरिष्ठ त्या दिवशी रिगवरच होते, आणि कामाचा दिवस बुडवणाऱ्या दुखापतीविना गेलेल्या सात वर्षांचं कौतुक हा त्या भेटीचा एक भाग होता. घसरून पडणं कमी झालं याचा विहिरीच्या दाबाशी काही संबंध नसतो. म्हणून पहिल्याच दिवशी यादी दोन वह्यांत फोडा. एकात एका-दोघांना इजा करणारे धोके, दुसऱ्यात सगळ्यांना एकदम गाठणारे.

दुसऱ्या वहीत फार नोंदी नसतात: विहिरीचा ब्लोआउट (ताबा सुटून तेल-वायू उफाळणं), प्रोसेस गॅसची गळती, रायझर (समुद्रतळावरून वर येणारा पाइप) किंवा पाइपलाइन फुटणं, जहाजाची धडक, हेलिकॉप्टर पडणं, जॅकेट (प्लॅटफॉर्मचा पाण्यातला पोलादी सांगाडा) किंवा रिगचे पाय खचणं, वादळ, आणि विषारी वायू. एवढ्यांना मॅट्रिक्सबाहेर काढून प्रत्येकासाठी बो-टाय, म्हणजे गळ्यातल्या बोसारखी आकृती, काढा. मधे गाठ, म्हणजे ताबा सुटला तो क्षण. डावीकडे तिथवर नेणारी कारणं, उजवीकडे परिणाम, आणि प्रत्येक रेषेवर आडवे उभे असलेले बॅरियर, म्हणजे अपघात अडवणारे उपाय. मग प्रत्येक बॅरियरला एकच प्रश्न विचारायचा: ज्या दिवशी याची गरज लागेल त्या दिवशी, त्या वाऱ्यात, त्या पाळीत हा चालेल का? उत्तर ‘असायला हवा’ असं आलं तर तो बॅरियर पुसून टाका आणि पुन्हा मोजा.

हे किती खरं आहे ते आपल्याच समुद्रातल्या एका दिवसावर तपासता येतं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही. दुसऱ्या दिवशी, २७ तारखेला, किनाऱ्यापासून दीडशेहून जास्त किलोमीटरवर समुद्र सुरक्षा या सपोर्ट जहाजावर खानसाम्याची बोटं कापली गेली. हवामानामुळे हेलिकॉप्टर मिळेना. त्याला बास्केटमधून बीएचएन (बॉम्बे हाय नॉर्थ) प्लॅटफॉर्मवर चढवायचं ठरलं. जहाजाच्या थ्रस्टरमध्ये (जहाज आडवं ढकलणाऱ्या पंख्यात) तक्रार होती, म्हणून ते हाताने चालवत, मागच्या बाजूने आणि वाऱ्याच्या अंगाने, म्हणजे वारा येतो त्या बाजूने, प्लॅटफॉर्मशी आणलं गेलं. पावसाळी लाटांवर जहाज वर-खाली होत होतं. त्याचा हेलिडेक गॅसच्या रायझरवर आदळला, रायझर फुटला, गॅसने पेट घेतला आणि साधारण दोन तासांत प्लॅटफॉर्म कोसळला. प्लॅटफॉर्म, शेजारची रिग आणि जहाज मिळून ३८४ माणसं होती. ३६२ वाचली, २२ गेली.

आता ही साखळी शीटच्या नजरेने वाचा. ‘जखमी माणसाला बास्केटने हलवणे’ याची शीट काढली तर धोके कोणते लिहिले जातील? बास्केटमधून पडणं, बास्केट हेलकावणं, दोर तुटणं. सगळे त्या एका माणसाचे. जहाज इतक्या जवळ आलं हाच मुख्य धोका होता, आणि तो ज्यांच्या वाट्याला येणार ते साडेतीनशेहून जास्त जण त्या शीटवर नव्हतेच. म्हणून जहाज प्लॅटफॉर्मपाशी आणायच्या प्रत्येक कामाच्या शीटमध्ये पहिली ओळ धडकेची हवी.

त्या ओळीत काय तपासायचं? बीएचएनचे रायझर जॅकेटच्या बाहेरच्या अंगाला होते आणि त्यांची संरक्षक चौकट लहान सप्लाय बोटींच्या हिशेबाने केलेली होती. धडकेची ऊर्जा काढणं सोपं आहे: निम्मं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, आणि जहाजासोबत हलणाऱ्या पाण्यासाठी आडव्या धडकेत वर ४० टक्के. हजार टनांची बोट सेकंदाला अर्धा मीटर वेगाने टेकली तर ०.१८ मेगाजूल. पाच हजार टनांचं जहाज सेकंदाला दोन मीटरने आलं तर १४ मेगाजूल, म्हणजे ऐंशीपट. तुमच्या प्लॅटफॉर्मचं फेंडर आणि रायझर गार्ड कोणत्या आकड्यासाठी बांधलंय ते डिझाइनच्या कागदात असतं. आज येणारं सगळ्यात मोठं जहाज कोणतं ते मरीनच्या वेळापत्रकात असतं. दोन आकडे शेजारी ठेवले की पुढे वाद उरत नाही. प्लॅटफॉर्म सत्तर-ऐंशीच्या दशकातले, जहाजं आजची, त्यामुळे हे आकडे क्वचितच जुळतात.

पुढे ५०० मीटरच्या सुरक्षा क्षेत्रात शिरण्याआधीची तपासणी. जहाजाचे सगळे थ्रस्टर चालू आहेत का, डीपीचे (जहाज आपोआप जागेवर धरून ठेवणाऱ्या यंत्रणेचे) संदर्भ किती आहेत, एक इंजिन बंद पडलं तर जहाज जागेवर राहील का, क्षेत्राच्या कडेवर थांबून ठरलेला वेळ चाचणी झाली का. आणि सगळ्यात साधा प्रश्न: यंत्र बंद पडलं तर वारा-लाटा याला प्लॅटफॉर्मपासून दूर नेतील की प्लॅटफॉर्मवर घालतील? नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यात आडोसा ईशान्येला मिळतो. तिथली क्रेन नादुरुस्त असेल, तर ती केवळ देखभालीची बाब राहत नाही. काम वाऱ्याच्या अंगाला ढकललं जातं आणि धडकेची शक्यता बदलते. क्रेनची दुरुस्ती लांबणीवर टाकायची नोंद आणि धडकेची शीट या दोन कागदांची गाठ बहुतेक ठिकाणी कधी पडतच नाही. ती पाडून देणं हे तुमचं काम.

रायझर फुटला की दुसरा हिशेब सुरू होतो. ईएसडी (आणीबाणीत लाइन बंद करणारा) व्हॉल्व्ह वर, डेकजवळ असतो. फूट त्याच्या खाली असली तर तो बंद होऊनही समुद्रतळावरच्या लाइनमधला गॅस बाहेर येतच राहतो. बारा इंची लाइन दहा किलोमीटर लांब आणि दाब ७० बार धरला तर आत चाळीसेक टन गॅस असतो. तो संपेपर्यंत आग विझणार नाही, विझवूही नये. तळावर आयसोलेशन व्हॉल्व्ह नसेल तर अशा वेळी तुमच्याकडे फक्त पळायची सोय उरते. त्या दिवशी पळायचं काय झालं? बीएचएन आणि त्याला जोडलेल्या प्लॅटफॉर्मांवरच्या आठपैकी दोनच लाइफबोटी आणि दहापैकी एकच लाइफ राफ्ट पाण्यात उतरवता आली. म्हणून ‘लाइफबोटची क्षमता माणसांच्या दुप्पट’ या वाक्यावर समाधान मानू नका. नकाशावर आगीच्या जागेवरून उष्णतेची वर्तुळं काढा आणि कोणत्या बोटी त्यांच्या बाहेर राहतात ते मोजा. उघड्यावर, अंग झाकलेल्या माणसाला चौरस मीटरला ४.७ किलोवॉट एवढी धग दोन-तीन मिनिटं सोसता येते, ६.३ ला अर्ध्या मिनिटाचं काम. भर दुपारचं ऊन एक किलोवॉटच्या आसपास असतं, म्हणजे अंदाज येईल. मग वाऱ्याच्या अंगाच्या बोटी वगळा, दुरुस्तीतली वगळा. जे उरेल ती खरी क्षमता.

गळतीचं मोजमाप असंच हाताने एकदा करून बघावं, नाहीतर क्यूआरएचे आकडे आकाशवाणीसारखे वाटत राहतात. पीअँडआयडी (पाइप आणि उपकरणांची आकृती) घ्या आणि ईएसडी व्हॉल्व्हच्या मधले भाग वेगवेगळ्या रंगांत रंगवा. व्हॉल्व्ह मिटल्यावर जेवढा माल आत अडकतो तो एक भाग. प्रत्येक भागात फ्लँज (पाइपांचे बोल्टने जोडलेले सांधे), व्हॉल्व्ह आणि विशेषतः लहान व्यासाच्या जोडण्या मोजा: प्रेशर गेजचे, ड्रेनचे, सॅम्पलिंगचे अर्धा-पाऊण इंची नळ. कॉम्प्रेसरच्या थरथरीने मोडतात ते हेच. ड्रॉइंगवर नसलेले, कोणीतरी नंतर बसवलेले नळ सापडले तर लाल पेनने घाला. ते सापडतातच.

समजा ७० बार गॅसच्या लाइनला दहा मिलिमीटरचं भोक पडलं, करंगळीच्या टोकाएवढं. सेकंदाला किलोच्या जरा आत-बाहेर गॅस बाहेर येतो. पेटला तर दहाएक मीटरची ज्वाला होते, आणि ती ज्या खांबावर किंवा पाइपवर लागेल तिथे चौरस मीटरला दोनशे किलोवॉटच्या वर उष्णता जाते. उघडं पोलाद साडेपाचशे अंशांच्या आसपास निम्मी ताकद गमावतं, आणि अशा ज्वालेत तिथवर पोचायला काही मिनिटं पुरतात. आता त्या भोकाभोवती दहा मीटरचं वर्तुळ काढा. त्यात काय येतं? दुसरा सेपरेटर, केबल ट्रे, जिन्याचं तोंड, फायर वॉटरची रिंग मेन? वर्तुळात जे येतं ते तुमच्या बो-टायच्या उजव्या बाजूला जातं.

शक्यतेचं गणितही अवघड नाही. केवळ समजण्यासाठी आकडे घेऊ: अशी गळती पन्नास वर्षांतून एकदा, आणि पन्नासपैकी एक पेटते. म्हणजे आग अडीच हजार वर्षांतून एकदा. गॅस ओळखून भाग बंद करणारी यंत्रणा वीसपैकी एकदा फसते, म्हणून आग पसरण्याची वेळ पन्नास हजार वर्षांतून एकदा. कागदावर छान. आता त्या मॉड्यूलचे डिटेक्टर वारंवार खोटा अलार्म देतात म्हणून कंट्रोल रूममधून बायपासवर टाकले आहेत, म्हणजे यंत्रणेपासून तोडले आहेत. यंत्रणा आता दोनांपैकी एकदा फसेल. आकडा पाच हजारांवर आला. एका बायपासने जोखीम दहापट झाली आणि शीटवरचा रंग बदलला नाही. म्हणूनच क्यूआरएच्या शेवटच्या आकड्यापेक्षा त्यातली गृहीतकं महत्त्वाची. त्यांची यादी परिशिष्टात असते, तीच आधी वाचा.

आकडा माणसांत वाटतानाही असाच गोंधळ होतो. चौदा दिवस कामावर, चौदा दिवस घरी या चक्रात माणूस वर्षाला १८२ दिवस समुद्रात असतो, आणि झोपलेला असला तरी धोक्यातच असतो, म्हणून तास बारा धरायचे नाहीत, चोवीस धरायचे: ४,३६८. समजा प्लॅटफॉर्मवर एका वेळी ८० माणसं, दोन चक्रं मिळून १६०, आणि अपेक्षित जीवितहानी वर्षाला ०.०२. सरासरी वैयक्तिक जोखीम आठ हजारांत एक. पण त्यातली निम्मी जोखीम मचाण बांधणारे, रंगारी आणि फिटर मिळून ३० कंत्राटी कामगारांच्या वाट्याला येत असेल, तर त्यांची तीन हजारांत एक आणि बाकीच्यांची तेरा हजारांत एक. सरासरीने हे सगळं झाकलं. कामगारासाठी हजारात एक ही सहनशक्तीची वरची मर्यादा आणि दहा लाखांत एक ही निर्धास्त राहण्याची पातळी, असं ब्रिटनच्या नियामकाचं माप बहुतेक ठिकाणी वापरतात. मधल्या पट्ट्यात जोखीम जमेल तितकी कमी करायचीच असते. आणखी उपायाचा खर्च मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने अगदीच अवाजवी आहे हे दाखवल्याशिवाय थांबता येत नाही. हिरव्या खान्यात पोचलो म्हणून थांबलो, हे कारण चालत नाही. आपल्याकडे ‘पेट्रोलियम आणि नैसर्गिक वायू (समुद्रातील कामांतील सुरक्षा) नियम, २००८’ लागू आहेत आणि त्यांची देखरेख ओआयएसडी या तेल उद्योग सुरक्षा संचालनालयाकडे आहे. तिथेही जबाबदारी प्लॅटफॉर्म चालवणाऱ्याची आहे, अहवाल लिहिणाऱ्या कन्सल्टंटची नाही.

हेलिकॉप्टरची जोखीम कित्येक शीटमध्ये नसतेच, कारण ते ‘प्रवासात’ जातं. चौदा-चौदाच्या चक्रात वर्षाला तेरा फेऱ्या, म्हणजे एका माणसाची जुहूपासून किमान २६ उड्डाणं. अनमॅन्ड वेलहेड प्लॅटफॉर्मवर (फक्त विहिरींच्या, माणसं न राहणाऱ्या) रोज जाणाऱ्या ऑपरेटरची याहून कितीतरी जास्त. १३ जानेवारी २०१८ च्या अपघातात हेलिकॉप्टरमधले सातही जण गेले. २८ जून २०२२ ला सागर किरण रिगजवळ पाण्यात पडलेल्या हेलिकॉप्टरमधल्या नऊपैकी चार. वैयक्तिक जोखमीत हा भाग धरला की अनमॅन्ड प्लॅटफॉर्मवरचं ‘छोटंसं काम’ तितकं छोटं राहत नाही. तिथे आठवड्याला तीनदा जाऊन केलेली कामं एका भेटीत बसवता आली तर ती सगळ्यात स्वस्तातली सुधारणा. पाण्यात उलट्या झालेल्या केबिनमधून बाहेर पडायचं प्रशिक्षण, जे गोव्यात बेतूलला मिळतं, त्याच्या मुदती मात्र रोजंदारीवरच्या कामगारांच्याही तपासा. पाहुण्यांच्या आणि व्हेंडरच्या माणसांच्या तर आधी.

आता पहिल्या वहीतली, म्हणजे रोजच्या कामांची गोष्ट. इथे शीट हवीच, पण ती कामाच्या जागी उभं राहून भरा. सगळ्यात जास्त फसवणारं काम म्हणजे लाइन उघडणं. गॅस लाइनवरचा पीएसव्ही (जादा दाब सोडणारा सुरक्षा व्हॉल्व्ह) काढून कार्यशाळेत न्यायचा आहे. शीटवर ‘आयसोलेशन (लाइन दाबापासून तोडणं) केले’ एवढंच असेल तर ती परत करा. एका व्हॉल्व्हवर विसंबायचं नाही. दोन व्हॉल्व्ह मिटवून मधला ब्लीड (दाब बाहेर सोडणारा छोटा नळ) उघडा, किंवा स्पेड (पाइप अडवणारी धातूची तबकडी) घाला. व्हॉल्व्ह मिटल्यावर दाब शून्यावर आणून ब्लीड बंद करा आणि गेजकडे बघत थांबा. काटा हलायला लागला तर व्हॉल्व्ह पास होतोय, म्हणजे मिटूनही आतून गळतोय. गेज चोंदलेलं असेल तर काटा शून्यावर बसून राहील, म्हणून ब्लीड पुन्हा उघडून खात्री करा. फ्लँजचे बोल्ट सोडताना आपल्यापासून दूरच्या बाजूचे आधी सैल करायचे, म्हणजे अडकलेला दाब तोंडावर येत नाही. ही सवय नव्या फिटरला आहे की नाही हे शीट सांगत नाही, पाच मिनिटं शेजारी उभं राहिलं की कळतं.

आणि काढलेल्या पीएसव्हीच्या जागी काय बसवलं, हे पुढच्या पाळीला कसं कळणार? ६ जुलै १९८८ ला उत्तर समुद्रात पायपर अल्फावर १६७ माणसं गेली त्याची सुरुवात याच प्रश्नापासून झाली. कंडेन्सेटच्या एका पंपाचा पीएसव्ही काढला होता, जागी झाकण फ्लँज बसवली होती, पण गळणार नाही अशी घट्ट नव्हती. पंपाच्या देखभालीचं परमिट (कामाचा लेखी परवाना) वेगळं, पीएसव्हीचं वेगळं, आणि दोन्ही कागद एकत्र ठेवलेले नव्हते. रात्री दुसरा पंप बंद पडला तेव्हा पाळीवरच्या माणसांनी एकच परमिट पाहून पहिला पंप सुरू केला. डिझेल फायर पंप डायव्हर शोषले जाऊ नयेत म्हणून हातानेच सुरू होतील असे ठेवलेले, ते सुरू करायला कोणी पोचू शकलं नाही. बॅरियर कागदावर सगळे होते. तुमच्या परमिट ऑफिसात एकाच यंत्रावरची सगळी परमिटं एका खिळ्याला लटकतात का, आणि लॉकच्या किल्ल्या कोणाच्या ताब्यात असतात, हे आजच बघून या.

विषारी वायूबद्दल थोडक्यात. बसीनसारख्या क्षेत्रांतला गॅस आंबट आहे, म्हणजे त्यात हायड्रोजन सल्फाइड असतो. १० पीपीएमवर (हवेच्या दहा लाख भागांत दहा) अलार्म ठेवतात. शंभरच्या आसपास नाकाला वास येणंच बंद होतं, त्यामुळे ‘आता वास नाही’ ही चांगली बातमी नसते. पाचशेच्या वर माणूस काही मिनिटांत कोसळू शकतो, हजाराला जवळजवळ लगेच. इथे बळी बहुतेकदा दोन जातात: पडलेला आणि त्याला उचलायला श्वसनयंत्राशिवाय धावलेला. शीटमध्ये ‘बचाव’ या ओळीत नाव, सिलिंडरची जागा आणि तिथवर पोचायला लागणारे सेकंद लिहा. टाकीत किंवा व्हेसलमध्ये शिरायचं असेल तर ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांत हवा आणि मोजणी वरच्या, मधल्या, तळाच्या अशा तिन्ही पातळ्यांवर, माणूस आत असेपर्यंत चालू.

कामं एकमेकांच्या अंगावर येतात तेव्हा प्रत्येकाची शीट स्वतंत्रपणे हिरवी असूनही डेक लाल असतो. वर रिग ड्रिलिंग करतेय, खाली विहिरी चालू आहेत, शेजारच्या पुलावर वेल्डिंग, आणि बाजूला डायव्हर पाण्यात. यासाठी एक चौकोनी तक्ता करा, दोन्ही कडांना कामांची नावं, आणि प्रत्येक खान्यात ‘चालेल’, ‘अटींवर’, ‘नाही’. ‘अटींवर’ लिहिलेल्या खान्यात अट आणि सही करणाऱ्याचं पद हवं. रोज संध्याकाळच्या बैठकीत दुसऱ्या दिवसाची परमिटं या तक्त्यावर ठेवून बघितली की निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

वादळाचा हिशेब उलटा मांडायचा. १७ मे २०२१ ला तौक्ते वादळात पी-३०५ ही स्वतःचं इंजिन नसलेली राहण्याची बार्ज नांगर सुटून वाहत गेली, प्लॅटफॉर्मवर आदळली आणि बुडाली. तीवर २६१ माणसं होती. नौदलाने आणि इतरांनी १८६ वाचवली. अशा बार्जसाठी ‘वादळात नांगर धरून राहणे’ हा बॅरियर धरायचाच नाही असं माझं स्पष्ट मत आहे. मग कधी निघायचं? नांगर उचलायला समजा दहा तास. टगने चार नॉटने ओढत १६० किलोमीटर, म्हणजे ८६ सागरी मैल, यायला साडेएकवीस तास. टगला बोलावून दोर बांधेपर्यंत आणखी चार. छत्तीस तास झाले, आणि हे समुद्र शांत असताना. लाटा चढल्या की नांगर उचलताच येत नाहीत, त्यामुळे ती वेळ वादळ येण्याच्या निदान एक दिवस आधीची धरावी लागते. म्हणजे निर्णय अडीच दिवस आधी, जेव्हा हवामान खात्याच्या नकाशावर वादळ अजून केरळच्या बाजूला असतं आणि काम थांबवणं अतिरेकी वाटतं. हे तास शीटमध्ये आधीच लिहून ठेवा आणि त्या वेळेला कोणाच्या परवानगीशिवाय बार्ज हलवायचा अधिकार कोणाला आहे, ते पदासकट लिहा. राफ्ट फुगवून तपासल्याची तारीखही त्याच पानावर.

माणसांबद्दल दोन गोष्टी. टूलबॉक्स टॉक (काम सुरू करण्याआधीची सुरक्षेची छोटी बैठक) इंग्रजीत किंवा हिंदीत होतो आणि मचाणावरच्या टोळीत कोणी तमिळ, कोणी ओडिया, कोणी आपला कोकणातला पोरगा असतो. शेवटी एकाला ‘आता तू सांग, गॅसचा अलार्म वाजला तर कुठे जाशील?’ असं विचारा. उत्तर ऐकून प्रशिक्षणाच्या रकान्यात किती श्रेय द्यायचं ते ठरवा. आणि तेराव्या-चौदाव्या दिवसाची रात्रपाळी ही पहिल्या दिवसाच्या पाळीपेक्षा वेगळी असते. रिलीफ (बदलीची माणसं) हवामानामुळे अडकली तर सोळावा-सतरावा दिवसही येतो. मोठी लिफ्टिंगची आणि आयसोलेशनची कामं त्या दिवसांत घालू नका.

राहिला तो जाडजूड अहवाल. तो कपाटात ठेवू नका, त्याचं गृहीतकांचं परिशिष्ट फोटोकॉपी करून डेकवर न्या आणि एकेक ओळ पडताळा. फायर पंप किती सेकंदांत सुरू होतो असं धरलंय, आणि गेल्या तीन चाचण्यांत किती लागले? बारा इंची ईएसडी व्हॉल्व्ह इंचाला एक सेकंद या ढोबळ मापाने बारा सेकंदांत मिटायला हवा, स्टॉपवॉच काय म्हणतं? मस्टरच्या (आणीबाणीत जमायच्या) जागेची दारं धूर अडवतील असं धरलंय, रबराच्या पट्ट्या शाबूत आहेत का, की दार फळीच्या तुकड्याने उघडं टेकवून ठेवलंय? बायपासवर आज किती डिटेक्टर आहेत? आणि शेवटी माणसांची संख्या. अहवालात पीओबी (एका वेळी प्लॅटफॉर्मवर असणारी माणसं) साठ धरलेलं असतं, आणि दुरुस्तीच्या हंगामात बार्जवरून रोज पुलावरून येणारे पन्नास जण धरून डेकवर एकशे दहा. हा फरक दिसला तर त्याच दिवशी पत्र लिहा: एकशे दहावर मस्टर, बोटी आणि जोखीम पुन्हा मोजून द्या, आणि तोवर साठच्या वरची माणसं दिवसपाळी संपायच्या आत बार्जवर परत जातील.